घडीवरच्या दोघी

मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही असं नाही. येते. पण एक टोक जमिनीला लागतं, आणि दवाखान्याची चादर जमिनीला लागली की ती पुन्हा धुवायची, असा धुलाईघराचा नियम आहे. म्हणून घडीच्या टेबलाशी कायम दोघी लागत. एकीने दोन टोकं धरून मागे सरकायचं, दुसरीने उरलेली दोन धरून पुढे यायचं. दोघींनी एकदम ओढलं तर ओलसर चादर हातातून निसटते, म्हणून आधी एकीनेच ओढायचं आणि दुसरीने तिच्या मागे जायचं. हे कुणी शिकवत नाही. दोनचार चादरी खाली पडल्या की आपोआप येतं.

या टेबलाशी कित्येक वर्षं ज्या दोघी होत्या, त्यांना सगळे थोरली आणि धाकटी म्हणत. त्या बहिणी नव्हत्या, नात्यागोत्यातल्याही नव्हत्या. धाकटी कामाला लागली तेव्हा थोरली आधीपासून तिथे होती, एवढंच त्या नावांमागचं कारण. आता धाकटीचेही केस पिकले होते, उजवा खांदा धरला होता, गुडघे बोलायला लागले होते. तरी कालपरवा आलेल्या पोरी तिला 'धाकटी मावशी' म्हणत, आणि त्यात हसण्यासारखं काही आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नसे.

धाकटी या धुलाईघरात आली ती दोनतीन महिन्यांसाठी. लग्नाआधी ती कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची. मुलगा शाळेत जायला लागला तसं काहीतरी करावं म्हणून तिने हे काम धरलं, चांगलं काही मिळेपर्यंत. चांगलं काही मिळालं नाही, आणि ती शोधायचंही विसरली. मुलगा शिकून दुसऱ्या गावी गेला. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीतून निवृत्त होऊन घरी बसला. धाकटीची पाळी पहाटेची, त्यामुळे दुपारी घरी आली की ती खुर्चीत बसायची आणि बसल्या जागी झोपायची. बसमध्ये झोपायची, दाताच्या डॉक्टरकडे रांगेत झोपायची. नवरा म्हणायचा, "हिला फाशी द्यायला नेली तरी ही गाडीत झोप काढेल."

धुलाईघर म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. एका टोकाला धुण्याची मोठी पिंपं गरगरत असायची, मध्ये तापलेले रोलर, शेवटी घडीचं टेबल. जमीन कायम ओली. ब्लीचचा वास पहिल्या आठवड्यात डोळ्यांत जातो, नंतर तो फक्त घरच्यांना येतो. आवाज इतका की बोलायचं म्हणजे ओरडायचं. या आवाजावर मात करायला वाफेच्या इस्त्रीवरच्या माणसाने, ज्याला सगळे वाफवाला म्हणत, एकदा घरून टेपरेकॉर्डर आणला. दमट हवेने बिघडू नये म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला असायचा. त्याच्याकडे कॅसेट एकच होती, 'नावाडीण'ची.

'नावाडीण' हे संगीत नाटक माहीत नाही असं घर त्या शहरात शोधून सापडलं नसतं. आईबापांनी पाहिलेलं, काकामामांनी दोनदा पाहिलेलं, आणि ज्यांनी पाहिलेलंच नाही तेही गाणी तोंडपाठ असल्यामुळे पाहिल्यासारखं बोलायचे. धाकटी या शेवटच्या जातीतली. नदीवर होडी चालवणारी एक बाई आणि काठावर घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस, यांची ती कथा. त्यात एक द्वंद्वगीत आहे. ती होडीतून विचारते, तो काठावरून उत्तर देतो, आणि तिसऱ्या कडव्यात दोघं एकदम गातात. घडीवरच्या दोघींना ते गाणं कामाला फार सोयीचं पडलं. थोरली नावाडणीची ओळ म्हणत मागे सरकायची, धाकटी घड्याळवाल्याची ओळ म्हणत पुढे यायची. एका कडव्यात एक चादर. वाफवाला निवृत्त झाला, टेपरेकॉर्डर त्याच्याबरोबर गेला, गाणं मात्र टेबलाशी राहिलं.

त्या कॅसेटची एक खोड होती. तिसऱ्या कडव्यात एका जागी फीत चावली गेली होती. तिथे ओळीच्या जागी नुसती घरघर यायची. थोरलीने ती जागा आपल्या सोयीने भरून काढली: "कोपरा धर गं, कोपरा धर." चालीत अगदी चपखल बसायचं. नंतर आलेल्या सगळ्या पोरी ते गाणं त्या दोघींकडूनच शिकल्या. त्यातल्या निम्म्या जणींना तर नावाडीण खरोखरच कुठलातरी कोपरा धरायला सांगते असं वाटायचं. खरी ओळ काय आहे, ते थोरलीलाही माहीत नव्हतं.

मग घडीचं यंत्र आलं. या बाजूने चादर सरकवायची, त्या बाजूने घडी होऊन बाहेर. त्याला एक बाई पुरते. ज्या दिवशी ते बसवलं त्या दिवशी व्यवस्थापकाने दोघींना काचेच्या खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. कुणाशी वर आवाज करून बोलायचा नाही, वाढदिवस लक्षात ठेवायचा.

"एकीला जावं लागणार," तो म्हणाला. "मी कुणाचं नाव घेणार नाही. इतकी वर्षं जोडीने काम केलंत तुम्ही. आपसांत ठरवा आणि पुढच्या सोमवारी मला सांगा. तुम्ही म्हणाल ते."

त्याला मनापासून वाटत होतं की आपण सन्मान देतोय. साप मरावा आणि काठीही तुटू नये, असा सन्मान.

दोघी खोलीतून बाहेर आल्या आणि पुन्हा टेबलाशी उभ्या राहिल्या. पूर्ण आठवडाभर त्या सगळ्यावर बोलल्या. पिंपाच्या गळतीवर, थोरलीच्या सुनेवर, धाकटीच्या नवऱ्यावर. या एका गोष्टीवर मात्र दोघी मूग गिळून. थोरली विधवा होती, मुलाकडे राहायची. घरी बसली की नातवंडांची बिनपगारी दाई होणार हे तिला पुरतं ठाऊक होतं. धाकटीच्या घरी नवरा होता, जो दिवसभर खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचा: झाकण असं नाही तसं ठेव, खिडकी आत्ता नाही मग उघड. कामावर ती दमायची, पण तिथे तिला कुणी झाकण कसं ठेवायचं ते सांगत नसे. कुणाचं कारण मोठं, हे मोजायला माप नव्हतं.

त्याच आठवड्यात 'नावाडीण'चा दौरा शहरात आला. गावोगाव फिरणारी ही नवी मंडळी, नवा संच. त्यांचे कपडे धुवायला धुलाईघरात आले. धाकटीने पिंपातून नावाडणीचा घागरा काढला तर कमरेच्या जागी दोनदा उसवून सैल केलेला. घड्याळवाल्याचे तीन पांढरे शर्ट होते, तिन्हींच्या बगला पिवळ्या.

"याला घाम भारी," थोरली म्हणाली. "प्रेमात पडलाय की भट्टीत?"

कपडे न्यायला आलेल्या वेशभूषेच्या बाईने, पिवळेपणा बराच गेला म्हणून खूश होऊन, रविवारच्या दुपारच्या प्रयोगाचे दोन पास थोरलीच्या हातात ठेवले.

"जायचं का गं?" थोरलीने विचारलं.

"जाऊ की. ती ओळ तरी कळेल."

सोमवारच्या आधीचाच रविवार होता तो. दोघींच्याही ते लक्षात होतं. आपण तिथेच बोलू, असं धाकटीने मनात ठरवलं. मध्यंतरात, चहा घेताना. गर्दीत असलं की आवाज चढत नाही.

नवरा म्हणाला, "तू नाटकाला? पडद्याआधी तुझेच डोळे मिटतील."

"नाही मिटणार."

"पैज लाव."

त्या रविवारीही पहाटेची पाळी होतीच. बदली द्यायला कुणी नव्हतं.

नाट्यगृह जुनं होतं. खुर्च्यांच्या मखमलीला टक्कल पडलेलं. फुकटच्या पासांच्या जागा होत्या कडेला, त्यातली एक थेट खांबामागे. थोरलीने खांब पाहिला, धाकटीकडे पाहिलं, आणि खांबामागे जाऊन बसली.

"ताई, तू इकडे बस."

"गप बस. मला मान आहे, वाकवीन."

दिवे गेले. पडदा वर गेला. संगीत ध्वनिमुद्रित होतं, वादक नव्हतेच. होडीला चाकं होती आणि त्यातलं एक कुरकुरत होतं. तरीही पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा सगळ्या सभागृहात एक हलकी हालचाल झाली, लोक खुर्चीत जरा पुढे सरकले. धाकटीही सरकली. नावाडीण झालेली नटी तरुण नव्हती. आवाज चांगला होता, पण होडीच्या काठावर टेकायची संधी आली की ती गरजेपेक्षा जरा जास्त वेळ टेकायची. हे किती गावांतून फिरून आलेत कोण जाणे, धाकटीच्या मनात आलं. पाय दुखणाऱ्या माणसाचं टेकणं तिला लांबूनही ओळखू येत होतं.

घड्याळवाला आला तसं खांबाच्या दिशेने कुजबुज आली. "शर्ट बघ. आपला."

"श्श."

"श्श काय? आहे का कुठे पिवळं?"

पहिल्या अंकाच्या शेवटी ते द्वंद्वगीत आलं. थोरलीने मान इतकी वाकवली की तिचं डोकं धाकटीच्या खांद्याला लागलं. दुखऱ्याच खांद्याला, पण धाकटी हलली नाही. नावाडणीने विचारलं, काठावरून उत्तर आलं. पहिलं कडवं. दुसरं कडवं. गाणं त्यांच्या टेबलाशी चालायचं त्याहून कितीतरी संथ होतं. दोघींनी श्वास धरला. आता तिसरं. आता ती जागा.

तिसरं कडवं आलंच नाही. बासरीचा एक तुकडा वाजला, निळा प्रकाश पडला, नावाडीण होडीसकट कुरकुरत आत गेली आणि पडदा खाली आला. टाळ्या पडल्या.

"हे काय?" थोरली म्हणाली. कुजबुजत नाही, चांगली धुलाईघरातल्या आवाजात. "संपलं? अगं, असं गायलं असतं तर चादरी अर्ध्याच राहिल्या असत्या माझ्या!"

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने मागे वळून पाहिलं. थोरलीने त्यालाच विचारलं, "तिसरं कडवं कुठंय?"

"दौऱ्यासाठी कापलंय," तो म्हणाला. "दोन तासांत बसवतात हल्ली."

"मग आम्ही कोपराच धरायचा जन्मभर," थोरली म्हणाली. गृहस्थाला अर्थातच काही समजलं नाही.

मध्यंतरात दोघी चहाचे कागदी पेले घेऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. धाकटीने तोंड उघडलं. तेवढ्यात थोरली सुनेने फ्रीजवर लावलेल्या वेळापत्रकाबद्दल बोलू लागली. त्यात थोरलीच्या नावापुढे सोमवारपासूनच मुलांना शाळेतून आणायचं लिहून ठेवलं होतं. "मला न विचारता," ती म्हणाली. "म्हणजे त्यांनी धरलंच, मी घरी." मग ती पेल्यात बघत राहिली. धाकटीला वाटलं, आता आपण काय बोलणार. घंटा झाली.

दुसऱ्या अंकात काय झालं ते धाकटीला सांगता येणार नाही. वादळ आलं होतं हे तिला आठवतं, कारण दिवे लुकलुकत होते. मग अंधार झाला, मखमल ऊबदार होती, आणि पहाटेपासून उभे असलेले पाय जमिनीवरून सुटल्यासारखे झाले. ती जागी झाली ती टाळ्यांनी. नट रांगेत उभे राहून वाकत होते. घड्याळवाल्याचा शर्ट पुन्हा ओलाचिंब होता.

बाहेर अजून उजेड होता. बसथांब्याच्या बाकावर दोघी बसल्या.

"शेवट काय झाला?" धाकटीने विचारलं.

"घड्याळवाला बुडाला."

"खरंच?"

"कसला बुडतोय? लग्न झालं. बुडण्यातलाच प्रकार." थोरली हसली नाही. "खांबामागे मी बसले आणि झोपलीस तू."

"डोळा लागला गं."

"डोळा लागला म्हणे! घोरत होतीस. तो पुढचा माणूस आधी माझ्याकडे बघत होता, मग तुझ्याकडे. त्याला वाटलं असेल, कुठलं बिऱ्हाड उचलून आणलंय."

"पहाटेची पाळी होती."

"माझीही होती."

एक बस येऊन गेली, त्यांची नव्हती.

"धाकटे," थोरली म्हणाली, "काम तू सोड." तिने हे रस्त्याकडे बघत म्हटलं. "रागाने नाही बोलत. तुझं अंग आता साथ देत नाही. खांदा वर जात नाही तुझा. गेलं वर्षभर तुझ्या बाजूचं वजन मी वरून उचलून घेते. तुला काय वाटलं, चादरी हलक्या झाल्या?"

धाकटीला खरंच कळलं नव्हतं. तिला वाटत होतं, खांदा बरा होतोय.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? चादर होत होती ना."

"यंत्राला उचलावं लागत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खांद्याचं काय घेऊन बसलीस. यंत्राला नुसतं सरकवायचं असतं." धाकटीचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मला राहायचंय, ताई."

एवढी वर्षं टेबलाशी आधी ओढायची ती थोरलीच. जेवायला कधी जायचं, नव्या पोरीला कुठे उभं करायचं, दुपारी कुठली बस धरायची, सगळं आधी थोरलीच्या तोंडून निघायचं आणि धाकटी मागे यायची. त्यात तिला कधी कमीपणाही वाटला नव्हता. आपल्याला काय हवंय हे आधी बोलायची तिला सवयच नव्हती, त्यामुळे ते वाक्य फार उघडं पडल्यासारखं झालं.

"मला पण राहायचंय," थोरली म्हणाली.

"माहितीये."

"मग?"

"मग काय? मी सांगितलं."

"बरी गं तू! वर्षभर वजन मी उचलायचं आणि जागा तुला. गरज सरो, वैद्य मरो."

"तसं नाही."

"तसंच आहे." थोरलीने पिशवी मांडीवर ओढून घेतली. "लाज नाही वाटत?"

"वाटते," धाकटी म्हणाली. "पण मला राहायचंय."

थोरली बराच वेळ पिशवीची कड बोटांनी दुमडत राहिली, एकदा, दोनदा, मग उलटी. शेवटी म्हणाली, "दोघींनी ओढून काही होत नाही. तू ओढलंस आधी. जा, सांग उद्या. पण मी 'हो' म्हणाले असं सांगितलंस तर याद राख. मी म्हणालेले नाही."

"नाही सांगणार."

"आणि मी तुझ्याबरोबर त्या काचेच्या खोलीत येणार नाही."

त्यांची बस आली. एकच जागा रिकामी होती. थोरलीने नेहमीसारखं हनुवटीने तिकडे दाखवलं. धाकटी बसली नाही. थोरलीही बसली नाही. मधल्या कुठल्याशा थांब्यावर एक पोरगा चढला आणि ती आपल्यासाठीच ठेवलेली असल्यासारखा ऐटीत त्या जागेवर बसला. दोघी दांड्याला धरून उभ्या राहिल्या, धाकटीने डाव्या हाताने.

घरी नवऱ्याने विचारलं, "कसं झालं?"

"लहान केलंय."

"झोपलीस?"

"झोपले."

तो खूश होऊन पुढे काही बोलणार होता. पण तिने चपला काढता काढता सांगितलं, "उद्या मी सांगणार आहे. मी राहतेय कामावर."

"थोरली काय म्हणाली?"

"तिला पण राहायचंय."

एरवी ज्याच्यापाशी झाकणापासून सरकारपर्यंत सगळ्यावर सल्ला असायचा, तो माणूस उठला आणि स्वतःच चहा ठेवला. पातेल्यावर झाकण कुठलं ठेवायचं, हे विचारायला मात्र त्याने तिला स्वयंपाकघरात बोलावलं.

सोमवारी धाकटी एकटीच काचेच्या खोलीत गेली. व्यवस्थापकाने खुर्ची पुढे केली. ती उभीच राहिली. बसले तर झोप येईल असं ती म्हणाली, आणि तो ते विनोद समजून हसला.

"मग? काय ठरलं?"

"मी राहतेय."

त्याचा चेहरा सैल झाला. आपली युक्ती लागू पडली याचं समाधान त्याला लपवता आलं नाही. "वा. म्हणजे दोघींचं एकमत झालं तर."

"नाही," धाकटी म्हणाली. "एकमत झालं नाही. पण ठरलंय."

"म्हणजे त्यांची काही तक्रार..."

"आहे. त्यांना विचारा, सांगतील. मोठ्याने सांगतील."

त्याने पेन उचललं, परत ठेवलं. यावर काय लिहायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. धाकटी बाहेर आली.

यंत्र अजून पूर्ण चालू झालं नव्हतं. ते चालवून दाखवणारा माणूस दुपारी येणार होता. सकाळचा दवाखान्याचा माल रोलरवरून उतरून टेबलाशी साचला होता. थोरलीने एक चादर उचलून आपली दोन टोकं धरली होती, आणि पलीकडची दोन जमिनीला लागू नयेत म्हणून हात जितके वर जातील तितके वर करून ती उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे, दंड थरथरत होते.

"मेलीस का तिकडे?" ती ओरडली. "ये लवकर, लागेल खाली."